होस्टिंग घेताय? आधी दुसऱ्या बिलाचा आकडा काढा

नागपूरच्या इतवारीतले मसालेवाले असोत, नंदनवनात क्लास चालवणारे सर असोत की काटोलकडचा संत्र्याच्या पेट्या डायरेक्ट विकायला निघालेला शेतकरी असो, वेबसाइट काढायची ठरली की होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरच्या सर्व्हरवरची भाड्याची जागा, घ्यायची म्हणून सगळे मोबाईल पुढे करून एकच विचारतात, "भाऊ, हे १४९ रुपये महिना दिसून राहिलं, घेऊन टाकू का?" मी म्हणतो, हा पहिल्या बिलाचा भाव झाला, दुसऱ्या बिलाचा काय आहे ते पाहिलं का? बहुतेकांनी पाहिलेलं नसते, कारण तो आकडा मोठ्या अक्षरात कोणीच लिहीत नाही, प्लॅनच्या खाली बारीक टाइपात "रिन्यूअल अमुक रुपये" अशी एक ओळ असते तिथे तो सापडतो. तर दोन कंपन्या कंपेअर करायच्या असतील तर कागद-पेन घेऊन सुरुवात तिथूनच करा.

समजा एका कंपनीचा बोर्डावरचा भाव १४९ रुपये महिना आहे. क्लिक करून पुढे गेलात की कळते, हा भाव ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच आहे. म्हणजे ७,१५२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, हातातून जाणार ८,४३९. एकच वर्ष घेतो म्हणालात तर तोच प्लॅन २४९ ला पडतो आणि दुसऱ्या वर्षापासून ५४९. आता दुसरी कंपनी घ्या जी सरळ ३०० रुपये महिना म्हणते आणि रिन्यूअललाही ३००च. दिसायला ही महाग. पण वर्षावर्षाने भरत तीन वर्षं चालवलं तर पहिलीकडे जीएसटी धरून १९,०७३ रुपये जातात आणि दुसरीकडे १२,७४४. मात्र हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की पहिल्या कंपनीवर तुमचा भरोसा बसला आणि ४८ महिने एकदम घेतले तर तीच स्वस्त पडते. म्हणून १४९ चा भाव खोटा नाही, तो फक्त चार वर्षं बांधून घेण्याचा भाव आहे, आणि चार वर्षं कोणासोबत बांधून घ्यायची हे ठरवायला बाकीच्या गोष्टी तपासाव्या लागतात.

पैशाचंच अजून थोडं. तुमच्याकडे जीएसटी नंबर असेल तर पेमेंटच्या आधी अकाउंटमध्ये टाका, नंतर बिल बदलून मागण्यात वेळ जातो, आणि रेग्युलर स्कीममध्ये असाल तर ते १८ टक्के इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळू शकतात, सीएला विचारून घ्या. डॉलरमध्ये बिल करणारी कंपनी असेल तर कार्डाचा फॉरेन मार्कअप, म्हणजे परदेशी चलनावर बँक लावते तो जादा आकार, धरा. आणि ऑटो रिन्यूअलवर डोळे मिटून राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा आपोआप कटणाऱ्या पेमेंटला १५,००० रुपयांपर्यंतच ओटीपी लागत नाही (जून २०२२ च्या आधी ही मर्यादा ५,००० होती), त्याच्या वरच्या रकमेला प्रत्येक वेळी तुम्हाला स्वतः ओके करावं लागते. तीन-चार वर्षांचं बिल सहज त्याच्या वर जाते, ओके मागणारा मेल स्पॅममध्ये पडतो, पेमेंट होत नाही आणि एक दिवस गिऱ्हाईक फोन करून सांगते की साइट बंद आहे.

आता तुम्हाला लागते काय ते पाहा. दुकानाचा पत्ता, फोन, चार फोटो एवढंच टाकायचं असेल तर खरं सांगतो, पैसे देऊन होस्टिंग घ्यायचीच गरज नाही, गूगलवर बिझनेस प्रोफाइल फुकटात होते आणि साधी पानं क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतात. वर्डप्रेस, म्हणजे कोड न लिहिता साइट बनवायचं सॉफ्टवेअर, चालवायचं असेल, फॉर्म पाहिजे, ब्लॉग पाहिजे, तर शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर पुष्कळांच्या साइट, पुरते. ऑर्डर घ्यायच्या, पेमेंट घ्यायचं, एकाच वेळी पुष्कळ लोक येणार, तेव्हा क्लाउड किंवा मॅनेज्ड व्हीपीएसकडे पाहा (व्हीपीएस म्हणजे सर्व्हरचा तुमच्यासाठी वेगळा राखलेला हिस्सा, मॅनेज्ड म्हणजे त्याची देखभाल कंपनी करते). मॅनेज्ड हा शब्द सोडू नका. अनमॅनेज्ड व्हीपीएस स्वस्त दिसते पण त्यात लिनक्सचे अपडेट, फायरवॉल, सगळं तुमच्याच गळ्यात, आणि ते करणारा माणूस नसेल तर ते घेऊच नका.

शेअर्ड म्हणजे काय तर एका अपार्टमेंटची एकच पाण्याची टाकी. चौथ्या माळ्यावरच्याने नळ सोडून ठेवला की तुमच्या नळाची धार बारीक. चांगल्या कंपन्या म्हणून प्रत्येक अकाउंटला लिमिट लावतात, आणि "अनलिमिटेड" लिहिलेल्या प्लॅनमध्येसुद्धा ही लिमिट असतातच. कंपेअर करताना जीबी पाहू नका, जीबी कोणाचे संपत नाहीत. तीन आकडे विचारा: सीपीयू किती कोअर, रॅम किती, आणि एन्ट्री प्रोसेस किती. एन्ट्री प्रोसेस म्हणजे एकाच क्षणी किती पानं तयार करायची परवानगी आहे. क्लासचा रिझल्ट लागला आणि सगळ्या मुलांनी दुपारी एकदाच लिंक उघडली की हीच मर्यादा आधी फुटते आणि स्क्रीनवर ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड असा एरर येतो. जागा शिल्लक, बँडविड्थ शिल्लक, तरी साइट बंद.

चौथा आकडा म्हणजे आयनोड, म्हणजे तुमच्या अकाउंटमध्ये एकूण किती फाइली ठेवता येतात. हा कोणी विचारतच नाही आणि याच्यातच पुष्कळ लोक अडकतात, कारण त्याच होस्टिंगवर ऑफिसचे ईमेल चालवले तर प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल असते. चार जणांचे मेलबॉक्स तीन वर्षं कोणी साफ केले नाहीत, वर्डप्रेसने प्रत्येक फोटोच्या पाच-सहा साइझ बनवून ठेवल्या, कॅशेच्या, म्हणजे साइट लवकर उघडावी म्हणून साठवलेल्या, फाइली वेगळ्याच, आणि एक दिवस नवीन फोटो अपलोड होत नाही, मेल येत नाही, आणि डिस्क पाहिली तर अर्धीपण भरलेली नाही. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावर, उजव्या बाजूला फाइल यूसेज म्हणून आकडा दिसतो, आधीची साइट असेल तर तिथून तुमचा आजचा आकडा घ्या आणि नवीन प्लॅनची मर्यादा त्याच्या निदान तिप्पट आहे का ते पाहा. जमत असेल तर धंद्याचे मेल होस्टिंगपासून वेगळेच ठेवा.

सर्व्हर कुठे आहे हे आपल्यासाठी फार मोठं आहे. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नागपूरहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन नुसत्या अंतरातच सव्वाशे मिलीसेकंद गेले, आणि केबल काही सरळ जात नाही म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या वर जातात. मुंबईचा सर्व्हर असेल तर हा आकडा कितीतरी खाली येतो. एक पान उघडताना अशा बऱ्याच फेऱ्या होतात त्यामुळे मोबाईलवर फरक डोळ्यांना दिसतो. गिऱ्हाईक विदर्भातलं असेल तर डेटा सेंटर भारतातलंच मागा, आणि "इंडिया" लिहिलं आहे तेवढ्यावर थांबू नका, चेकआउटच्या वेळी लोकेशन निवडायला मिळते का ते पाहा, काही ठिकाणी काहीच न निवडलं तर अमेरिका किंवा सिंगापूर पडून जाते. अमेरिकेत राहणारे नातेवाईकच वाचणार असतील तर गोष्ट वेगळी.

क्लाउडफ्लेअर ही साइटच्या फाइलींच्या कॉप्या जगभरच्या शहरांत ठेवणारी सेवा आहे, तिचा फुकट प्लॅन साइटच्या पुढे लावला तर फोटो आणि बाकी न बदलणाऱ्या फाइली जवळच्या शहरातून जातात, आणि त्यांच्या यादीत नागपूरसुद्धा आहे. खरंच नागपुरातून येऊन राहिलं का तेही पाहता येते. क्रोममध्ये साइट उघडून डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅबवर जा, पहिल्या ओळीवर क्लिक करा, हेडर्समध्ये सीएफ-रे नावाची ओळ सापडेल, तिच्या शेवटी विमानतळाच्या कोडसारखी तीन अक्षरं असतात, बीओएम म्हणजे मुंबई, एनएजी म्हणजे आपलं नागपूर. कोणत्या कंपनीचं इंटरनेट आहे त्याप्रमाणे हे बदलते, घरच्या वायफायवर आणि मोबाईल डेटावर दोन्हीकडे पाहा. पण मूळ पान सर्व्हरवरच तयार होत असेल तर सर्व्हर हळू तो हळूच, त्याला क्लाउडफ्लेअर काही करू शकत नाही.

अपटाइमच्या, म्हणजे साइट चालू राहण्याच्या, टक्क्यांवर फार जीव टाकू नका. ९९.९ टक्के ऐकायला मोठं वाटते, हिशोब केला तर महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची सूट आहे, वर्षाला पावणेनऊ तास. आणि ती मोडली तरी भरपाई म्हणून बहुतेक वेळा त्या महिन्याच्या बिलातले थोडे रुपये क्रेडिट मिळतात, बुडालेल्या ऑर्डरींचे पैसे कोणी देत नाही.

सपोर्ट मात्र पैसे द्यायच्या आधी स्वतः तपासा. दिवसा नाही, रात्री अकरा-साडेअकराला लाइव्ह चॅट उघडा आणि नेमके प्रश्न टाका: या प्लॅनला एन्ट्री प्रोसेस किती, आयनोड किती, बॅकअप कुठे ठेवता आणि रिस्टोअरचे पैसे घेता का, पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत चालते ती) कोणतं व्हर्जन आहे. जो माणूस आकडे देतो ती कंपनी यादीत ठेवा. जो "सर, अवर प्लॅन इज बेस्ट फॉर यू" म्हणून पेमेंटची लिंक पाठवतो त्याची कंपनी खोडून टाका, कारण विकतानाच उत्तर मिळत नसेल तर साइट बंद पडल्यावर काय मिळणार. त्या चॅटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. हिंदी किंवा मराठीत फोनवर बोलणारं कोणी पाहिजे असेल तर तेही विचारून घ्या, आपल्याच राज्यात नाशिकला माइल्सवेबसारखी होस्टिंग कंपनी आहे, म्हणजे सगळं बाहेरच शोधावं लागते असं नाही. जवळची आहे म्हणून तपासणीतून सूट मात्र देऊ नका.

गूगलवर "टॉप १० होस्टिंग" वाचून निवडू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यातल्या बहुतेक लिंकवर लिहिणाऱ्याला कमिशन मिळते, आणि जिथे जास्त कमिशन ती कंपनी वर. शिवाय दहा नावं दिसतात पण मालक तेवढे नसतात. ब्लूहोस्ट, होस्टगेटर, बिगरॉक ही तिन्ही नावं न्यूफोल्ड डिजिटल या एकाच ग्रुपची, जो २०२१ मध्ये एन्ड्युरन्स आणि वेब डॉट कॉम एकत्र येऊन झाला. एकीवर नाराज होऊन दुसरीकडे जाताना मालक बदलला का ते पाहून घ्या.

बॅकअपसाठी एक तारीख लक्षात ठेवा, १० मार्च २०२१. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, लाखो साइट बंद पडल्या आणि ज्यांचा बॅकअप त्याच जागी होता त्यांचा डेटा कायमचा गेला. म्हणून "डेली बॅकअप फ्री" या ओळीला मार्क द्या पण पूर्ण भरोसा नाही, वर्डप्रेस असेल तर अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन टाकून दर आठवड्याला एक कॉपी तुमच्या गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या. एसएसएलचे, म्हणजे साइटच्या पत्त्यात https आणणाऱ्या सर्टिफिकेटचे, वेगळे पैसे मागणारी कंपनी दिसली तर पुढे चला, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे आणि चांगल्या कंपन्या ते स्वतःच लावून देतात.

आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. डोमेन होस्टिंगसोबत फ्री मिळते म्हणून घेऊ नका, वेगळ्या कंपनीकडे, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर घ्या. महालातल्या एका मिठाईच्या दुकानाचं डोमेन साइट बनवणाऱ्या पोराने आपल्याच नावावर घेतलं होतं. पुढे त्याने धंदा बंद केला, फोन उचलणं बंद केलं, आणि दुकानाच्या पाट्यांवर, डब्यांवर, बिलांवर छापलेला पत्ता त्यांच्या हातातून गेला. होस्टिंग वाईट निघालं तर बदलता येते, डोमेनला कुठल्या होस्टिंगकडे जायचं ते सांगणारा नेमसर्व्हर बदलला की एक-दोन दिवसात साइट दुसरीकडून दिसायला लागते, पण डोमेन तुमचं नसेल तर बदलायला हातात काही उरत नाही.

एवढ्यातून दोन कंपन्या उरल्या की रिफंडची मुदत वाचा, बऱ्याच ठिकाणी ३० दिवस असते आणि डोमेनचे पैसे त्यात परत मिळत नाहीत. जिच्याकडे कल आहे तिचा प्लॅन घ्या आणि पहिल्याच आठवड्यात खरी साइट टाका, रिकामं वर्डप्रेस तर सगळीकडेच पळते. जुनी साइट हलवत असाल तर मराठी मजकूर आणि इमोजी दोन्ही नीट दिसतात का पाहा, डेटाबेसचं कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ नसेल तर अक्षरांच्या किंवा इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. नेटवर्क टॅबमध्ये "वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स" चा आकडा सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या गर्दीत लिहून ठेवा, ८०० मिलीसेकंदाच्या आत राहिला तर चांगलं, रात्रीच फुगत असेल तर सर्व्हरवर माणसं जास्त कोंबली आहेत असं समजा. अपटाइम रोबोटसारखं मॉनिटर लावून द्या, दर पाच मिनिटांनी साइट तपासून बंद पडली की मेल करते. बॅकअपमधून एकदा रिस्टोअर करून पाहा. आणि मोबाईलमध्ये पंचविसाव्या दिवसाचा रिमाइंडर आताच टाका, त्या दिवशी आकडे चांगले असतील तर ठेवा, नसतील तर लगेच रिफंडचं तिकीट टाका आणि दुसऱ्या नंबरच्या कंपनीकडे हेच सगळं परत करा.