वर्डमधील मराठी मजकूर मार्कडाउनमध्ये आणताना

वर्डची फाइल मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच चिन्हांनी स्वरूप दाखवणाऱ्या लेखनपद्धतीत, आणण्याचे काम पॅनडॉक हे मोफत साधन क्षणात करते. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र खरे कष्ट त्याआधीचे आणि त्यानंतरचे असतात. सोलापुरातील १९३०च्या मार्शल लॉवरील लेखांची एक जुनी स्मरणिका उतरवताना जे ध्यानात आले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

सर्वप्रथम फॉन्ट तपासावा. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, परंतु फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक साठवलेले असतात. मार्कडाउनच्या फाइलमध्ये फॉन्टच नसतो, म्हणून असा मजकूर थेट उतरवला तर हाती निरर्थक अक्षरे येतात. एखादा परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा आणि तो वाचता आला नाही, तर त्या विशिष्ट फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फॉन्टमध्ये वाचता येणाऱ्या संकेतांकांत, करून घ्यावे. त्यानंतर छापील प्रत शेजारी ठेवून विशेषनामे वाचावीत, कारण परिवर्तक चुकतो तो बहुधा जोडाक्षरांत, रफारात आणि ऱ्हस्व इकारात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही चार हुतात्म्यांची नावे मी अक्षर अन् अक्षर लावून पाहिली. तेथे एकही चूक राहू देणे मला मान्य नव्हते.

दुसरी तयारी शीर्षकांची. आपल्याकडे शीर्षक म्हणजे ठळक आणि मोठे अक्षर, अशीच सवय आहे. पॅनडॉक अक्षराचा आकार पाहत नाही, ‘हेडिंग’ ही स्टाइल पाहते. त्यामुळे अशी शीर्षके केवळ ठळक परिच्छेद होऊन बसतात. वर्डमध्ये एक शीर्षक निवडून सारखे स्वरूपण असलेला सर्व मजकूर एकदम निवडावा आणि त्याला ‘हेडिंग २’ लावावे.

मग पॅनडॉकला आज्ञा द्यावी. निष्पन्न प्रकार ‘जीएफएम’ (गिटहबच्या पद्धतीचे मार्कडाउन) ठेवावा, ‘रॅप’ हा पर्याय ‘नन’वर ठेवावा, म्हणजे ओळी मध्येच तुटत नाहीत, आणि चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये निघावीत म्हणून ‘एक्स्ट्रॅक्ट-मीडिया’ वापरावा. तळटीपा सहसा नीट उतरतात. एकत्र केलेले रकाने असलेले तक्ते मात्र एचटीएमएलच्या (वेबपानांच्या संकेतभाषेच्या) रूपात येतात, म्हणून ते वर्डमध्येच सुटे करावेत.

आता उतरलेला मजकूर. मार्कडाउनमध्ये ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका असतात, आणि मराठीत त्या शब्दाला लगेच विभक्तीचा प्रत्यय चिकटतो. `**‘मार्शल लॉ’**चा` असे आले, तर बंद तारकांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर अक्षर अशी स्थिती होते, नियमानुसार त्या तारका बंद करणाऱ्या ठरत नाहीत आणि तशाच उघड्या दिसतात. अवतरणचिन्हे बाहेर काढून `‘**मार्शल लॉ**’चा` असे केले की शब्द ठळक होतो. ही दुरुस्ती हातानेच करावी. सरसकट शोधून बदलल्यास जेथे योग्य आहे तेथेही बिघडते.

हाताने ‘१.’, ‘२.’ असे क्रमांक देऊन केलेली यादी मार्कडाउन ओळखत नाही, कारण यादीसाठी त्याला इंग्रजी अंकच लागतात. मजकुरातील वर्षे व आकडे देवनागरीत खुशाल ठेवावेत, यादीचे क्रमांक तेवढे बदलावेत.

सर्वांत नाजूक जागा आडव्या रकाराची आहे. जुन्या टंकलेखनात ‘अधिकार्‍यांनी’ हा शब्द र, हलन्त आणि एक अदृश्य सांधा अशा क्रमाने लिहिलेला असतो. ‘नको ती अदृश्य चिन्हे’ काढून टाकणारी साफसफाई तो सांधाही पुसते आणि शब्द ‘अधिकार्यांनी’ होतो. म्हणून साफसफाईपूर्वीच या तिन्हींच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त ठेवावा. ‘अधिकाऱ्यांनी’ मग सांध्याशिवायही शाबूत राहते.