छोट्या प्रकाशनाचं नवं पुस्तक कसं काढायचं आणि वाचकाच्या हातात कसं द्यायचं

दिवाळीनंतर आमची दोन नवी पुस्तकं आली, एक कवितासंग्रह आणि एक शेतीवरच्या लेखांचं, आणि तेव्हापासून दर दोनतीन दिवसांनी कोणीतरी विचारतंच की आम्हालापण असं छोटं प्रकाशन सुरू करायचंय, काय काय लागतं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते. आम्ही सांगलीत दोघंच आहोत, मी आणि माझा भाऊ, ऑफिस म्हणजे घरातलीच एक खोली, त्यामुळे हे सगळं दोन माणसांना झेपेल असंच आहे.

सगळ्यात आधी एक वही करा. खरंच, आयएसबीएनच्या (म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मिळणाऱ्या ओळख क्रमांकाच्या) पण आधी. त्यात जो कोणी आपलं पुस्तक विकत घेईल त्याचं नाव, गाव, पिनकोड, व्हॉट्सअॅप नंबर आणि त्याने काय घेतलं ते लिहायचं. मला विचाराल तर छोट्या प्रकाशनाचं भांडवल हेच, छपाईचे पैसे नंतर येतात. का ते हिशोबात बघा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरा. दुकानातून विकलं तर कमिशन साधारण ४० टक्के, म्हणजे १२० गेले, लेखकाचं मानधन १० टक्के धरलं तर ३० गेले, राहिले १५०, आणि त्यात कागद छपाई बाइंडिंग मुखपृष्ठ टायपिंग प्रूफं सगळं भागवायचं, शिवाय दुकानाचे पैसे कधी येतील ते सांगता येत नाही. तेच पुस्तक वहीतल्या वाचकाला प्रकाशनपूर्व सवलतीत २४० ला दिलं तर मानधन जाऊन २१० हातात राहतात आणि तेही छपाईच्या आधी. म्हणून आम्ही आधी बुकिंग घेतो आणि किती छापायचं ते मग ठरवतो. १०० च्या आसपास बुकिंग आलं तर डिजिटलवर, म्हणजे थोड्या प्रतींना परवडणाऱ्या छपाईत, १५०-२०० प्रती, ५०० च्या पुढे जाणार असं वाटलं तरच ऑफसेट, म्हणजे प्लेटा करून होणारी मोठी छपाई. पहिल्याच पुस्तकाच्या हजार प्रती छापू नका, गठ्ठे पलंगाखाली राहतात आणि पावसाळ्यात कागद ओल धरतो.

आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर प्रकाशक म्हणून नोंदणी करायची आणि अर्ज करायचा, एजंटला पैसे द्यायची काहीच गरज नाही. फक्त लवकर करा, कारण नंबर आल्याशिवाय श्रेयपान (प्रकाशक, मुद्रक वगैरे माहितीचं आतलं पान) पूर्ण होत नाही आणि मागच्या कव्हरवरचा बारकोडही अडून राहतो. ईबुक काढणार असाल तर त्याला वेगळा नंबर लागतो.

आता प्रूफं, म्हणजे छपाईआधी चुका शोधायचं वाचन. इथे मात्र घाई करू नका. बऱ्याच लेखकांचा मजकूर अजून जुन्या फॉन्टमधे असतो आणि तो युनिकोडमधे आणला की हमखास ऱ्य आणि ऱ्ह बिघडतात. ‘वाऱ्यावर’ चं ‘वार्यावर’ झालेलं दिसतं तरी, पण ‘आचाऱ्यांना बोलावलं’ चं ‘आचार्यांना बोलावलं’ झालं तर स्वयंपाक करणारा जाऊन गुरुजी येतात आणि कुठलाही स्पेलचेक ते पकडत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. त्यामुळे कन्व्हर्ट केल्यावर एक वाचन फक्त रफारासाठी करायचं. फॉन्ट निवडताना ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे मराठी वळणाचा, आहे ना ते बघा, नाहीतर मराठी पुस्तक हिंदीसारखं दिसायला लागतं. आणि शेवटचं प्रूफ स्क्रीनवर वाचू नका, कागदावर काढा, आणि ज्याने आधी मजकूर वाचलेला नाही अशाला द्या. कवितेच्या पुस्तकात तर ओळ कुठे तुटते तेसुद्धा कवीला विचारून घ्यावं लागतं, आमचे नुसत्या त्यातच तीन आठवडे गेले आणि ते जायलाच हवे होते.

पानांचा हिशोब फॉर्मात करायचा, फॉर्म म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली पानं. डेमी साइझला (पुस्तकाचा एक नेहमीचा आकार) एक फॉर्म १६ पानांचा. मजकूर १६३ पानांत बसला तर शेवटच्या तीन पानांसाठी अर्धा फॉर्म वाढून १६८ पानं होतात, त्यापेक्षा कुठे ओळी आवळून १६० करता येतात का बघा. कागद ७० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, घ्या, डोळ्याला त्रास होत नाही. शेतीच्या पुस्तकाला आम्ही शिलाईचं बाइंडिंग केलं, थोडं महाग पडलं पण ते पुस्तक लोक शेतावर नेणार, उघडं ठेवून वाचणार, नुसतं डिंकावरचं बाइंडिंग असतं तर पानं सुटली असती. प्रेसवरून गठ्ठे आले की दहाबारा प्रती तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटून बघा. एकदा आमच्या एका पुस्तकात एक फॉर्म उलटा लागला होता आणि तो वाचकाच्या फोनवरून कळला, तोपर्यंत ६० पाकिटं रवाना झालेली होती. सगळ्यांना नवी प्रत पाठवली, जुनी परत मागितली नाही.

पाठवायला पोस्टच बरं पडतं. २०२५ च्या मे महिन्यात पोस्टाने ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केलीय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स, आणि ट्रॅकिंग मिळतं. पाकिटावर ज्ञान पोस्ट असं स्पष्ट लिहायचं आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं. जिथे कुरियर पोचत नाही अशा वाडीवरसुद्धा हे पाकीट जातं. कोपरे दुमडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा घाला.

एक गोष्ट बरेच नवे लोक विसरतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एकेक प्रत स्वखर्चाने कोलकात्याची नॅशनल लायब्ररी, चेन्नईची कॉनेमारा, मुंबईत टाऊन हॉलमधली सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी अशा चार ठिकाणी पाठवायची असते. कंटाळा करू नका, उद्या आपण नसलो तरी पुस्तक तिथे असेल.

प्रकाशन समारंभावर फार खर्च करू नका. आम्ही कवितासंग्रहाचं प्रकाशन गावातल्या वाचनालयात केलं, हार नाहीत शाली नाहीत, कवीने चाळीस मिनिटं कविता वाचल्या आणि लोकांनी प्रश्न विचारले. शेतीचं पुस्तक तर आठवडी बाजाराच्या दिवशी सतरंजी टाकून विकायला बसलो. मोठ्या प्रदर्शनात, म्हणजे साहित्य संमेलन किंवा पुण्याचा पुस्तक महोत्सव, एकट्याला स्टॉलचं भाडं परवडत नसेल तर तीनचार छोट्या प्रकाशनांनी मिळून स्टॉल घेता येईल का ते आयोजकांना आधी विचारा. तिथे जो पुस्तक हातात घेऊन दोन पानं वाचतो त्याच्याशी बोला, आणि नाव वहीत लिहून घ्या, त्याने त्या दिवशी घेतलं नाही तरी.

आणि प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कपाटात वेगळी ठेवा, आतल्या पानावर लाल पेनने ‘दुरुस्ती प्रत’ असं लिहून. वाचकाने फोन करून चूक सांगितली की त्याच दिवशी तिच्यात खूण करायची. कवितासंग्रहाच्या ४० प्रती उरल्यात, दुरुस्ती प्रतीत आत्तापर्यंत अकरा खुणा झाल्यात, त्या फाइलमधे घेऊन झाल्या की दुसरी आवृत्ती प्रेसला देणार.