टोकन देण्याआधी कुणाला काय विचारायचं : सांगलीत फ्लॅट घेणाऱ्यांसाठी तयारीची यादी

टोकनचा चेक लिहिण्याआधी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर अशा माणसांची नावं लिहा, ज्यांना तुम्ही फ्लॅट घेतला काय न घेतला काय, एका रुपयाचा फरक पडत नाही. लिहायला बसलं की कळतं, अशी माणसं फार थोडी सापडतात. बिल्डरच्या ऑफिसातले सगळे बाद. एजंट बाद, मग तो पाहुण्यातला का असेना. बँकेचा कर्जवाला अर्धा बाद, त्याला टार्गेट असतं. आणि त्या बिल्डिंगमध्ये आधीच फ्लॅट घेतलेला मालकसुद्धा अर्धा बाद धरा. बेडरूमच्या भिंतीला ओल आली तर तो सेक्रेटरीशी रोज भांडेल, पण बघायला आलेल्या परक्या माणसाला सांगणार नाही. भाव पडतो ना.

म्हणून वहीत पहिलं नाव भाडेकरूचं घाला. त्याला बिल्डिंगची अब्रू राखायची नसते. लिफ्ट महिन्यातून किती वेळा बंद पडते, वरच्या मजल्यावर सकाळी नळाला धार असते की थेंब, मेंटेनन्सची पावती मिळते का, हे तो चहा संपेपर्यंत सांगून मोकळा होतो. दुसरं नाव तिथून फ्लॅट विकून गेलेल्याचं. तो का गेला एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका. मग इस्त्रीवाला, दूधवाला, रात्रपाळीचा वॉचमन. वॉचमनला दिवसा विचारू नका, दिवसा चेअरमन आसपास असतात.

आता प्रश्न. सांगलीत पहिला प्रश्न पाण्याचाच, आणि तो सरळ विचारला तर सरळ उत्तर मिळत नाही. ‘इथं पुराचं पाणी येतं का ओ?’ असं विचारलंत की शंभरातले नव्वद जण ‘छे छे, इथं कुठलं’ म्हणणार. त्यापेक्षा असं विचारा : ‘काका, आयर्विनला किती फूट झालं की तुम्ही गाडी हलवता?’ नदीकडच्या भागात राहणाऱ्या प्रत्येक घराला आपला आकडा पाठ असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरवाल्यांची आवराआवर धोक्याची पातळी येण्याची वाट बघत नाही. मारुती चौकातल्या दुकानदाराचा आकडा वेगळा, गावभागातल्या वाड्याचा वेगळा. समोरच्यानं आकडा सांगितला की तो वहीत लिहा आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला तोच प्रश्न विचारा. दोघांचे आकडे जुळले तर ती माहिती. नाही जुळले तर दोघांच्या घरांच्या जोत्याची उंची बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथंच असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ ला आणि २०२१ ला ते ५० च्या पुढं होतं. म्हणजे तिशीतल्या माणसानंही तीन मोठे पूर बघितलेत, कुणालाही विचारा. तरी सांगणाऱ्यावर सगळं सोपवू नका, भिंतीवरही बघा. पार्किंगमध्ये कोपऱ्यात उभं राहून रंगाकडे नीट बघितलं तर नव्या रंगाखालीही कधी कधी गढूळ पाण्याची आडवी रेघ दिसते. जिन्याखालची जागा बघा, तिथं रंगारी हात आखडता घेतो. विजेच्या मीटरची पेटी कुठं आहे? माणसाच्या डोक्याच्या वर किंवा पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेऊन बसवली असेल तर ती तिथं कुणी हौसेनं चढवलेली नाही. पंपाची खोली, लिफ्टची मशीन, जनरेटर यांची जागाही त्याच नजरेनं बघा. ‘आपला तिसरा मजला आहे, आपल्याला काय’ म्हणणाऱ्यांनी एवढंच विचारावं की खाली सात फूट पाणी असताना तिसऱ्या मजल्यावर प्यायचं पाणी, वीज आणि म्हाताऱ्या आईची औषधं कशी पोचली होती. हा प्रश्न त्या घरातल्या वहिनींना विचारा, पुरुषमाणसं फुशारकी मारतात.

कागदावर पूर बघायचा तर महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा असतो. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळी आणि लाल यांच्या मधला नियंत्रित. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर घेऊन जा आणि आपली जागा कुठं पडते ते दाखवून घ्या. हे काम वकिलावर टाकलंत तरी नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पूर नाही म्हणजे पाणी नाही, असंही नाही. शामरावनगरचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. नदी शांत असतानाही तिथं नुसत्या पावसाचं पाणी साचून राहतं, कारण जमीन सखल आणि पाण्याला जायला धड वाट नाही. त्यात काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून कंपाउंडची भिंत आणि पार्किंगमधले पेव्हिंग ब्लॉक नीट बघा. भिंतीला तिरकी चीर किंवा ब्लॉक मध्येच खचलेले दिसले तर पायाबद्दल विचारायला संकोच करू नका. विश्रामबाग, विजयनगर, वारणाली, कुपवाड ही नावं उंचावरची म्हणून घेतली जातात. पण उंचावरच्या भागातही एखादा ओढा बुजवून केलेला प्लॉट निघतो. फ्लॅट बघायचा खरा हंगाम जुलै-ऑगस्ट. दिवाळीत बघितलेला फ्लॅट म्हणजे लग्नात बघितलेली माणसं, सगळी नटलेली.

नळाचं आणि बोअरचं पाणी दोन्ही वेगवेगळं विचारा. बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी बघा, पांढरा थर तिथंच दिसतो. नदीकाठाकडे घर बघत असाल तर शहराचं सांडपाणी नदीकडे नेणाऱ्या शेरी नाल्याचा वासही एकदा स्वतः घेऊन या, उन्हाळ्याच्या संध्याकाळी.

व्हॉट्सॲपच्या गल्ली-ग्रुपवर किंवा गावच्या एखाद्या ग्रुपवर पोल टाकायची आता पद्धत पडली आहे. टाका, पण प्रश्न नीट बांधा. ‘विश्रामबाग चांगलं की मिरज रोड?’ या पोलवर शंभर मतं पडतील आणि तुम्हाला शून्य माहिती मिळेल, कारण ज्याचं घर जिथं त्याचं मत तिथं. शिवाय ग्रुपमधले दोन-तीन एजंट सगळ्यात आधी मत देऊन जातात. त्याऐवजी असं विचारा : ‘मे महिन्यात तुमच्या सोसायटीला टँकर लागतो का? रोज, आठवड्यातून एकदोनदा, कधीच नाही.’ आणि खाली लिहा, ‘तिथं राहणाऱ्यांनीच मत द्या, बिल्डिंगचं नाव मला वैयक्तिक कळवा.’ मतं बारा पडली तरी चालतील. त्या बारा जणांना फोन करता येतो.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना आधी तारखा बघा. एकाच आठवड्यात आठ-दहा जणांनी ‘उत्तम बांधकाम, विनम्र स्टाफ, मोक्याची जागा’ असं लिहिलं असेल तर तो आठवडा बुकिंग सुरू झाल्याचा असतो. ताबा मिळण्याआधी केलेलं कौतुक म्हणजे सॅम्पल फ्लॅटचं कौतुक. शिव्याशाप घालणारा अभिप्रायही तसाच बाजूला ठेवा, त्यात बरेचदा पैशाचं भांडण असतं. कामाचे असतात ते मधले, कंटाळवाणे अभिप्राय. ‘दुसऱ्या पावसाळ्यात टेरेसमधून गळालं, तीन वेळा सांगितल्यावर वॉटरप्रूफिंग करून दिलं.’ या एका वाक्यात बांधकामही कळलं आणि माणूसही.

त्याच धाग्यानं बिल्डरची चार-पाच वर्षांपूर्वीची बिल्डिंग शोधून काढा आणि तिथं जा. नव्या साइटपेक्षा ती जास्त बोलते. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्यानं, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरनं तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तिथल्या लोकांना एवढंच विचारा, ‘बोलावल्यावर आला का?’

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण ते काम वकिलाचं आहे. वकील मात्र तुमचा हवा. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तुमची झोप सुरक्षित आहे का ते नाही. महारेरा म्हणजे याच कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून पूर्ण करायची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख दोन्ही बघा. किती वेळा मुदत वाढवली हा बिल्डरबद्दलचा फुकट मिळणारा अभिप्राय आहे. आपल्याकडे छोट्या अपार्टमेंट पुष्कळ. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील, तर महारेरा नोंदणीची सक्ती नाही. तिथं बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः मागून बघावं लागतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मताचं वजन दुप्पट होतं. जागा गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली असेल तर ‘नियमित होणार आहे’ या वाक्यावर पैसे देऊ नका. झाल्याचं प्रमाणपत्र मागा. त्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कुणाला कुठल्या बँकेनं कर्ज दिलंय हेही विचारा. कुणालाच मिळालेलं नसेल तर कारण शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पैशांत तीन गोष्टी वहीत हव्यात. रेराखालच्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. चालू बांधकामातल्या फ्लॅटवर जीएसटी पाच टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्यावर एक टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर नाही. दर सांगताना कार्पेटवर (घराच्या आतली वापरायची जागा) सांगितलाय की सुपर बिल्ट-अपवर (भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून), हे तिथल्या तिथं विचारा आणि टेपनं एक खोली मोजा. मोजताना कुणी हसलं तर हसू द्या.

इतकं सगळं गोळा झाल्यावर मतं एकमेकांशी भांडायला लागतात. मेहुणा म्हणतो घे, मित्र म्हणतो थांब, पोल म्हणतो मिरज. तेव्हा मतं सोडा आणि वहीतले आकडे तेवढे वाचा : आयर्विनचा आकडा, टँकरचे दिवस, मेंटेनन्स, मुदतवाढ, कार्पेट. आणि उरलेले प्रश्न बिल्डरला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. ‘या ना ऑफिसला, चहा घेऊ’ असं उत्तर आलं तर चहा घ्या, पण परत येऊन काय बोलणं झालं ते त्यालाच लिहून पाठवा. करारनाम्याचा मसुदा नोंदणीच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी मागा. उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही. बंदिस्त घेतलं असेल तर त्याची जागा आणि मोजमाप करारात लिहिलंय का ते सही करण्याआधी बघा, नाहीतर तो पुढची दहा वर्षं सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगचा पहिला विषय होतो.