संपर्काच्या स्थितीच्या दुबार सूचना कशा गाळाव्यात

एकाच व्यक्तीबद्दल ‘ऑनलाइन आली’ अशा दोन चौकटी लागोपाठ दिसू लागल्या, तर पिजिन हा गप्पांचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी आधी प्लगइनची, म्हणजे त्याला जोडलेल्या पूरक प्रोग्रामांची, यादी उघडून पाहावी. पॉपअप दाखवणारी दोन प्लगइन एकाच वेळी सुरू असतील, तर प्रत्येक घटना दोनदा सांगितली जाणारच, आणि त्यांपैकी एक बंद करणे पुरेसे ठरते.

स्वतः एक्सएमपीपीचा (तात्काळ संदेशांसाठीच्या खुल्या नियमावलीचा) क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या उपकरणावरील प्रोग्राम, किंवा प्लगइन लिहिणाऱ्यांना मात्र मुळाशी जावे लागते. २०११ च्या आरएफसी ६१२१ या एक्सएमपीपीच्या मानक दस्तऐवजाप्रमाणे उपस्थितीची माहिती व्यक्तीगणिक नव्हे, तर तिच्या प्रत्येक उपकरणागणिक येते. उदाहरणार्थ, आपल्या यादीतली ताई कचेरीतल्या संगणकावर आणि मोबाइलवरही लॉगिन असेल, तर पत्ता एकच राहतो, पण तिरप्या रेघेपुढचा भाग, म्हणजे रिसोर्स, वेगळा असतो. शिवाय तिने नुसता प्रोफाइलचा फोटो बदलला, तरी त्याचा नवा हॅश (फोटोवरून काढलेली ओळखखूण) कळवण्यासाठी अनेक क्लायंट जुनीच स्थिती पुन्हा पाठवतात.

म्हणून रिसोर्स वगळलेल्या पत्त्याखाली सर्व रिसोर्सची ताजी स्थिती नोंदवावी आणि त्यांतून एकच एकत्रित स्थिती काढावी. रिसोर्सची प्राथमिकता, म्हणजे कोणत्या उपकरणाला पसंती द्यावी हे सांगणारा आकडा, उणे १२८ ते १२७ या मर्यादेत असते. तिच्यावरूनही निवड करता येते, परंतु ‘ताई आत्ता भेटेल का’ एवढेच वाचणाऱ्याला हवे असल्याने, उणे प्राथमिकतेचे रिसोर्स सोडून उरलेल्यांतील सर्वांत मोकळी स्थिती धरणे मला अधिक योग्य वाटते.

ही एकत्रित स्थिती कशाशी ताडून पाहायची, यावर सारे अवलंबून आहे. ती शेवटच्या मिळालेल्या स्थितीशी नव्हे, तर शेवटच्या दाखवलेल्या सूचनेशी ताडावी. कर्जत-लोणावळा घाटात बोगद्यांमुळे मोबाइलची जोडणी तुटते आणि पुन्हा जुळते, तेव्हा ‘गेली’, ‘आली’ अशी माळच लागते. मिळालेल्या स्थितीशी तुलना केली, तर त्यातील प्रत्येक बदल नवा ठरतो. उलट, ‘गेली’ हे सांगण्यापूर्वी साधारण ३० सेकंद थांबून मग दाखवलेल्या सूचनेशी ताडले, तर तेवढ्यात परतलेल्या ताईची स्थिती पूर्वीचीच निघते आणि काहीही दाखवावे लागत नाही. ‘आली’ ही सूचना मात्र लगेच द्यावी, कारण तिची कोणीतरी वाट पाहत असते.

लॉगिन होताच सर्व्हर सर्व संपर्कांची चालू स्थिती एकदम पाठवतो. पहिल्या १० ते १५ सेकंदांत आलेली ही माहिती गुपचूप नोंदवावी आणि ती दाखवलेलीच समजावी. फक्त स्थितीचा मजकूर बदलला असेल, तर यादीतील ओळ बदलावी, चौकट उघडू नये.

एकाच व्यक्तीची दोन खाती आपल्या यादीत असतील, तर पत्त्याऐवजी एकत्र केलेला संपर्क ही नोंदीची किल्ली ठेवावी.