हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज निवडताय? या चुका टाळा

हॉटेलच्या ट्रेनिंग विभागात काम करत असल्यामुळे कॉलेजांतून येणारी मुलं मला रोज भेटतात. मुलं कष्टाळू असतात. त्यांचं नुकसान होतं ते पहिल्या वर्षाची फी भरण्याआधीच, कारण विचारायचे प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात.

पदवी कुणाची, हे न विचारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आमच्याकडे मॅनेजमेंट ट्रेनीच्या मुलाखतीला एक मुलगा आला होता. बोलणं नीट, ग्रूमिंग चोख, हातात सुरी दिली तर कांदा एकसारखा बारीक कापणारा. तीन वर्षं शिकून आलेला. फाइल उघडली तर आत संस्थेच्याच नावाचा ‘ॲडव्हान्स्ड डिप्लोमा’ आणि परराज्यातल्या एका विद्यापीठाची दूरस्थ पद्धतीची बी.ए. प्रवेशाच्या वेळी त्याच्या वडिलांना ‘डिग्री मिळते’ असं सांगितलं होतं. डिग्री मिळाली, पण हॉटेल मॅनेजमेंटची नाही. आमच्या अर्जात मान्यताप्राप्त विद्यापीठाची हॉटेल मॅनेजमेंटची पदवी ही अट होती, त्यामुळे एचआरला काहीच करता आलं नाही. तो किचनमध्ये कॉमी थ्री म्हणजे ज्युनियर स्वयंपाकी म्हणून लागला, सगळ्यात खालच्या पायरीवर. त्याच्याइतकाच हात असलेली, पण पदवी धड असलेली मुलं त्याच्या डोळ्यांसमोर पुढे गेली. त्याचे वडील कर्जाचे हप्ते भरत होते. मला अजूनही त्या माणसाचं वाईट वाटतं.

म्हणून कागद बघा. आपल्याकडे सरळ वाटा मोजक्याच आहेत. केंद्राच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या नॅशनल कौन्सिलच्या आयएचएममधली (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) तीन वर्षांची बी.एस्सी., जिची पदवी आता दिल्लीच्या जेएनयूची असते आणि प्रवेश एनसीएचएम जेईई या कौन्सिलच्या प्रवेश परीक्षेतून होतो. राज्याच्या सीईटीतून मिळणारी चार वर्षांची बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंग टेक्नॉलॉजीची पदवी. आणि मुंबई, पुणे विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांतली बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी स्टडीज. कॉलेज यांपैकी कशात बसतं, हे माहितीपत्रकावरून ठरवू नका. कौन्सिलच्या, सीईटी सेलच्या किंवा विद्यापीठाच्या यादीत त्याचं नाव स्वतः शोधा.

‘आयएचएम’ या तीन अक्षरांवर भुलणं

ही अक्षरं कुणीही पाटीवर लावतं. दादरचं आयएचएम, ज्याची सुरुवात १९५४ची, आणि गोव्यात पर्वरीचं आयएचएम ही दोन्ही कौन्सिलची. छत्रपती संभाजीनगरचं (औरंगाबादचं) आयएचएम उत्तम आहे, पण ते कौन्सिलचं नाही. ते ताज समूहाशी जोडलेलं आहे आणि त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी आहे. पुण्याची शासकीय संस्था राज्याची. गल्लीतल्या दुमजली इमारतीवरचं ‘आयएचएम’ यांपैकी कशातच नसतं.

फोटो बघून प्रवेश घेणं

माझी सवय सांगतो. ओळखीतल्या कुणासाठी कॉलेज बघायचं असेल तर मी प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी जातो आणि ट्रेनिंग किचनच्या दारात उभा राहतो. एका शेगडीपाशी किती मुलं आहेत, प्रत्येकाला स्वतः पदार्थ करायला मिळतो की एक जण करतो आणि बाकीचे वहीत लिहितात, हे पाच मिनिटांत कळतं. एका ठिकाणी बर्नर नव्यासारखे चकचकीत होते आणि तंदूरमध्ये जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले होते. रेस्टॉरंट लॅबमधली क्रॉकरी काचेच्या कपाटात कुलूपबंद. जिच्यासाठी बघायला गेलो होतो, त्या मुलीला मी तिथे प्रवेश घेऊ दिला नाही. नंतर बाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची मुलं गाठा. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला, म्हणजे कोर्समधल्या हॉटेलातल्या प्रशिक्षणाला, गेल्या वर्षी कोण कुठे गेलं, हॉटेलच्या चारही मुख्य विभागांत फिरवलं की पूर्ण काळ बँक्वेटमध्ये प्लेटा उचलायला लावल्या, हे ती मोकळेपणाने सांगतात. त्यांचं लॉगबुक, म्हणजे ट्रेनिंगची नोंदवही, बघायला मागा. ऑफिसातल्या काउन्सेलरला हे विचारण्यात अर्थ नाही, त्याचं काम प्रवेश भरणं आहे.

‘स्वयंपाकाची आवड आहे’ एवढ्यावर येणं

या कोर्समध्ये किचन हा चारातला एक विभाग. फ्रंट ऑफिस (रिसेप्शन), हाउसकीपिंग (साफसफाई) आणि एफ अँड बी सर्व्हिस (खाणं-पिणं वाढणं) तेवढंच शिकावं लागतं. चादरीचा कोपरा दुमडण्यापासून बाथरूम घासण्यापर्यंत सगळं, शिवाय मध्ये सुट्टी देऊन दोन तुकड्यांत करायची ब्रेक शिफ्ट, नाइट शिफ्ट आणि दिवाळीला ड्यूटी. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात ‘मला शेफ व्हायचंय, मी रूम करणार नाही’ म्हणणारी मुलं दरवर्षी येतात. ज्याला खरोखर फक्त किचनच हवंय त्याने फूड प्रॉडक्शनचा, म्हणजे स्वयंपाकाचा, दीड वर्षाचा डिप्लोमा करावा. फूड क्राफ्ट इन्स्टिट्यूटमध्ये असे कोर्स चालतात, खर्च कमी येतो आणि हात लवकर तयार होतो. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पुढे मॅनेजर व्हायचं असेल तर पदवीची गरज लागेल, हे आधीच धरून चाला.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’

कुठल्या विभागात, किती पगारावर आणि वर्षभराने त्यातली किती मुलं तिथेच आहेत, हे विचारा.

सहा महिन्यांत क्रूझ, सहा महिन्यांत परदेश

घाई करणाऱ्यांना हे विकलं जातं आणि मला याचा मनापासून राग येतो. बोटीवर घेताना हॉटेलचा अनुभव बघतात, सर्टिफिकेट नाही. एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचं, सुरक्षा प्रशिक्षण लागतंच, पण ते हॉटेलचं शिक्षण नव्हे. अमेरिकेच्या जे-१ व्हिसाचंही तेच: ते प्रशिक्षण असतं, नोकरी नव्हे, आणि हॉटेल क्षेत्रात त्याची मुदत जास्तीत जास्त बारा महिने. एजंट हे वाक्य शेवटी सांगतो.

फक्त ट्यूशन फी धरणं

सुऱ्यांचा सेट, शेफ कोट, सेफ्टी शूज, काळा सूट, ट्रेनिंगच्या शहरातली खोली. हे सगळं लेखी मागून घ्या.

निकालानंतर जागं होणं

एनसीएचएम जेईईचे आणि सीईटीचे फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी निघतात आणि बंदही होतात. बारावीला इंग्रजी विषय असणं या जेईईसाठी आवश्यक आहे, तेही आधीच तपासा. जून-जुलैत धावाधाव करणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा तीच दुमजली इमारत येते, आणि तिथे प्रवेश कधीच बंद होत नाही.