प्रश्नमंजूषेत मुद्दाम हरायचं म्हणता? आधी हिशोब करा

गणपती बसले की आमच्या दारव्हा तालुक्यात गावोगावच्या मंडळांच्या प्रश्नमंजूषा सुरू होतात. साखळीचा शेवटचा सामना आला की कोणीतरी पोट्टा मला बाजूला घेऊन विचारतोच, "सर, हा सामना सोडून देऊ का? मंग सेमीले ती दुसरी टीम येते, ते सोपी हाये." मी शाळेत गणित शिकवतो आणि या स्पर्धांचे प्रश्नही काढतो. त्यामुळे मी पोरांना कागद-पेन घ्यायला लावतो.

पहिली गोष्ट, प्रश्न सोडणं वेगळं आणि सामना सोडणं वेगळं. प्रश्न सोडायला शिकलंच पाहिजे. बरोबर उत्तराला १० गुण आणि चुकलं तर ५ वजा, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक सांगितला, तर चारदा मिळून १० येतात आणि १५ जातात. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर हिशोब शून्यावर येतो. दोन पर्याय खोडता आले, तरच बझर दाबा. पण प्रश्न पास होऊन पुढच्या संघाकडे जात असेल, तर तो कोणाकडे जातोय तेही पाहा. शेजारचा संघ तुमच्याहून १० गुणांनी मागे असेल आणि विषय त्यांच्या आवडीचा असेल, तर पास करणं म्हणजे त्यांना बरोबरीत आणणं. तेव्हा थोडा धोका पत्करून उत्तर द्यावं.

आता सामना सोडण्याचं पाहू. हा डाव साधायचा तर तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. दुसऱ्या गटाचा निकाल तुम्ही धरलाय तसाच लागला पाहिजे. तुम्ही हरूनही गुणांच्या फरकात बाहेर पडता कामा नये. आणि ज्याला तुम्ही सोपा संघ म्हणता, तो त्या दिवशीही सोपाच निघाला पाहिजे. प्रत्येक गोष्ट दहातून सात वेळा तुमच्या मनासारखी होते असं धरा. सातदा सातदा सात म्हणजे ३४३, हजारातून. तीनातून एक वेळ. एवढ्यासाठी हातातला विजय द्यायचा? शिवाय समोरच्या संघानंही हाच हिशोब केला असेल, तर दोन्ही संघ हरायलाच बसतात.

हे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अख्ख्या जगानं पाहिलं. महिला दुहेरी बॅडमिंटनमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच गटसामने ठेवले होते. चीनच्या एका जोडीला आपल्याच देशाची दुसरी जोडी अंतिम फेरीआधी समोर नको होती, म्हणून ती हरायला लागली. समोरची कोरियाची जोडीही तेच करू लागली. सर्व्हिस नेटमध्ये, फटके बाहेर. पुढच्या एका सामन्यात कोरियाची दुसरी जोडी आणि इंडोनेशियाची जोडी यांनीही तोच प्रकार केला. चार जोड्या, आठ खेळाडू, सगळे स्पर्धेतून बाद. त्यातली चीनची जोडी जगातली अव्वल होती. सरळ खेळली असती तर पदक तिच्या आवाक्यात होतं.

आणि पाहणाऱ्याला कळत नाही असं समजू नका. सेवाग्राम कोणत्या जिल्ह्यात, असा प्रश्न मी एकदा विचारला. विदर्भातल्या चौथीच्या लेकराला येणारं उत्तर. कॅप्टन मुलीनं कागदाच्या कोपऱ्यात पेनानं 'वर्धा' लिहिलं, मग त्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाली, "यवतमाळ." सतरंजीवर बसलेल्या एका आजोबांनी तिथूनच आवाज दिला, "अवं बाप्पा, सेवाग्राम नाई माईत तुले?" त्या मुलीचे वडील दिवसभर सोयाबीन फवारून, कपडे बदलून तिचा खेळ पाहायला आले होते. उपांत्य फेरीत हीच मुलगी येत असलेल्या उत्तरालाही अडखळायला लागली. बझरवरचा हात एकदा आवरून धरला की तो पुन्हा मोकळा व्हायला वेळ लागतो. प्रश्नमंजूषेत तेवढा वेळ कुठला मिळतो?

काही मंडळं आता मत देऊन एकेकाला बाहेर काढायची फेरीही ठेवतात. बीबीसीनं २००० मध्ये सुरू केलेल्या 'द वीकेस्ट लिंक'वरून ती आलीय. त्यात हुशार खेळाडू सुरुवातीला बावळट दिसायचा प्रयत्न करतो, म्हणजे कोणी त्याला धोका समजू नये. पण त्या खेळाची रचना पाहा. ओळीनं बरोबर उत्तरं आली तर रक्कम वाढत जाते, आणि 'बँक' म्हणून ती जमा करायच्या आत एक चूक झाली की त्या ओळीतली रक्कम जाते. तुम्ही मुद्दाम चुकलात, तर उद्या तुम्हालाच मिळणारं बक्षीस कमी झालं. वर मतं सारखी पडली, की निर्णय त्या फेरीतल्या सर्वांत चांगल्या खेळाडूच्या हाती असतो. तो अधिकारही गेला. तिथे मधोमध राहा. उत्तरं बरोबर द्या, पण बढाई मारू नका आणि दुसऱ्याच्या चुकीवर हसू नका. लोक चिडून मत देतात.

टीव्हीवरच्या 'कौन बनेगा करोडपती'त गोष्ट उलटी असते. तिथे थांबणं ही हार नाही. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत महिन्याला १,५०० रुपयांवर खिचडी शिजवायच्या. २०१९ मध्ये त्यांनी १ कोटी जिंकले आणि ७ कोटींच्या प्रश्नाला खेळ थांबवला. कागदावर पाहिलं तर नुसता अंदाज मारला तरी सरासरी पावणेदोन कोटींच्या वर जाते. पण सरासरी कामाची कोणाला? शंभर वेळा खेळणाऱ्याला. तेव्हाच्या नियमात उत्तर चुकलं की माणूस ३ लाख २० हजारांवर यायचा, आणि एकदाच बसणाऱ्याचं हे चारातून तीनदा होणार. त्या थांबल्या ते अगदी योग्य केलं, असं मी वर्गातही सांगतो. जाणाऱ्यांनी हेही धरून चला की, अशा बक्षिसातून ३० टक्के कर, वर सेस, आणि रक्कम मोठी असेल तर अधिभारही जातो.

कोणी पैसे देऊन किंवा दबाव आणून "यंदा त्यांले जिंकू द्या" म्हणालं, तर मात्र हिशोबाला बसूच नका. अमेरिकेत १९५६ साली एका टीव्ही प्रश्नमंजूषेत हर्ब स्टेम्पेल नावाच्या विजेत्याला निर्मात्यांनी येत असलेलं उत्तर चुकवायला लावलं. पुढे त्यानंच तोंड उघडलं, संसदेत चौकशी झाली आणि १९६० मध्ये असे कार्यक्रम ठरवून खेळवणं कायद्यानं गुन्हा झालं. गावात तर चार दिवसही लपत नाही. सरळ आयोजकांना सांगा, एकट्यानं नाही, संघातल्या सगळ्यांनी मिळून.

आयोजकांनो, पोरांना दोष देण्याआधी तुमचा तक्ता तपासा. 'अ गटातला पहिला विरुद्ध ब गटातला दुसरा' असं आधीच फळ्यावर लिहिलं, की दुसरं येण्याचा मोह तुम्हीच तयार करता. साखळी पूर्ण संपू द्या, मग स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून एखाद्या लहान लेकराकडून सगळ्यांसमोर जोड्या काढा. लंडननंतर बॅडमिंटनवाल्यांनीही दुहेरीत गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची सोडत गटसामने संपल्यावरच काढायचं ठरवलं. साखळीचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी, एक मंडपात आणि एक शाळेच्या वर्गात घेता आले, तर आणखी चांगलं. त्याला दुसरा गुणलेखक लागेल, तो आदल्या दिवशीच सांगून ठेवा.