शस्त्रबंदीचा ठराव आणि आपले शिपिंग बिल : निर्यातदाराने काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासावे

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एखाद्या दहशतवादी गटावर शस्त्रबंदी घातली की ती बातमी परराष्ट्र घडामोडींच्या पानावर येते आणि कारखानदार ती वाचून पान उलटतो. परिषदेकडे मात्र स्वतःचे पोलीस नाहीत आणि स्वतःचे कस्टमही नाही. तिचा निर्णय अमलात येतो तो न्हावा शेव्याच्या बंदरात शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडे भरायचा निर्यातीचा कागद, तपासताना, भोसरीतल्या निर्यात विभागात आणि बँकेत परकीय चलनाचे काम पाहणाऱ्या टेबलावर. लहान आणि मध्यम निर्यातदाराला, त्याच्या कस्टम्स ब्रोकरला आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला हा सगळा प्रवास एकदा नीट समजावा आणि आपल्या टप्प्यावर नेमके काय करायचे ते कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात मूळ ठरावापासून करावी, कारण निर्बंध 'देशावर' आहेत की 'गटावर' आहेत हे तिथेच कळते. १५ ऑक्टोबर १९९९ च्या १२६७ क्रमांकाच्या ठरावाने तालिबानच्या विमान उड्डाणांवर आणि निधीवर बंधने घातली. डिसेंबर २००० च्या १३३३ क्रमांकाच्या ठरावाने तालिबानच्या ताब्यातल्या प्रदेशासाठी शस्त्रबंदी आणली. जानेवारी २००२ मध्ये १३९० क्रमांकाच्या ठरावाने भूगोलाची अट काढून टाकली आणि बंदी यादीतल्या नावांना चिकटवली, मग ते नाव जगात कुठेही असो. २०११ मध्ये तालिबानची यादी अल कायदाच्या यादीपासून वेगळी झाली आणि डिसेंबर २०१५ च्या २२५३ क्रमांकाच्या ठरावाने अल कायदाच्या व्यवस्थेला 'इस्लामिक स्टेट'चेही नाव जोडले गेले. निर्यातदाराच्या दृष्टीने या मालिकेतला २००२ चा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रदेशावरची बंदी नकाशा पाहून पाळता येते, पण नावावरची बंदी पाळायची तर प्रत्येक ग्राहकाचे नाव तपासावे लागते.

ठरावातली बंदीची व्याख्या सावकाश वाचावी. तीत केवळ शस्त्रे आणि दारूगोळा नाही. लष्करी वाहने व उपकरणे, निमलष्करी साहित्य, या सगळ्यांचे सुटे भाग आणि लष्करी कामाशी संबंधित तांत्रिक सल्ला, मदत व प्रशिक्षण हेही तीत येते. पुरवठा प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, तो देशाच्या भूमीवरून झालेला असो, देशाच्या नागरिकाने परदेशात बसून केलेला असो किंवा देशाच्या ध्वजाखालील जहाजातून झालेला असो, तो रोखण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रावर आहे. गोठवलेल्या निधीतून घरखर्चासारख्या गरजांपुरती सूट मागता येते. शस्त्रबंदीला तशी सूट नाही.

आता हा ठराव भारतीय कायद्यात कसा उतरतो ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानुसार परिषदेचे निर्णय सदस्यांवर बंधनकारक असले, तरी भारतीय न्यायालयात एखाद्या व्यापाऱ्याला शिक्षा द्यायची तर भारतीय कायदा लागतो. त्याची सोय १९४७ च्या संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) अधिनियमात आहे. हा अधिनियम अगदी छोटा आहे. त्याचे दुसरे कलम केंद्र सरकारला राजपत्रात आदेश काढून परिषदेचे बिगरलष्करी उपाय अमलात आणण्याचा, त्यासाठी भारताबाहेरही लागू होणाऱ्या तरतुदी करण्याचा आणि आदेश मोडणाऱ्याला शिक्षा ठरवण्याचा अधिकार देते. याच कलमाखाली दहशतवाद प्रतिबंधासाठी सुरक्षा परिषदेच्या ठरावांची अंमलबजावणी करणारा २००७ चा आदेश निघाला. त्याच्या अनुसूचीतल्या संघटना बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७, म्हणजे यूएपीएच्या पहिल्या अनुसूचीतही एका नोंदीने सामावून घेतल्या आहेत.

इथे एक गैरसमज हमखास होतो. निर्बंधांचा विषय निघाला की बँकेतला माणूस यूएपीएच्या ५१अ या कलमाकडे बोट दाखवतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की सगळे त्यातच आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस घातलेले हे कलम मोलाचे आहे यात शंका नाही. यादीतल्या व्यक्ती आणि संस्थांचा निधी गोठवणे, त्यांना निधी किंवा आर्थिक साधने उपलब्ध करून देण्यास मनाई करणे आणि यादीतल्या व्यक्तींचा भारतात प्रवेश रोखणे असे त्याचे तीन भाग आहेत. म्हणजे मालमत्ता आणि प्रवास हे निर्बंधांचे दोन पाय या कलमावर उभे आहेत. शस्त्रबंदीचा तिसरा पाय मात्र एका कलमात सापडत नाही; तो निरनिराळ्या कायद्यांतून आपल्यालाच जुळवून घ्यावा लागतो. नेमके हेच काम निर्यातदाराकडून राहून जाते.

शस्त्रे आणि दारूगोळ्यासाठी १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. त्याच्या दहाव्या कलमाने आयात-निर्यातीला परवाना सक्तीचा केला आहे, अकराव्या कलमाने सरकारला निर्यात पूर्णपणे बंद करण्याचा अधिकार दिला आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने अवैध शस्त्रव्यापाराला किमान दहा वर्षे व कमाल जन्मठेप अशी शिक्षा ठेवली आहे. लष्करी व दुहेरी (नागरी तसेच लष्करी) वापराच्या मालासाठी १९९२ च्या विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियमातले २०१० साली जोडलेले चारअ प्रकरण आणि त्याखालची 'स्कोमेट' यादी, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या अशा मालाची व तंत्रज्ञानाची सरकारी यादी, आहे. विदेश व्यापार धोरणाच्या दुसऱ्या प्रकरणात सुरक्षा परिषदेच्या काही बंदी थेट उतरवलेल्या आहेत. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २०१५ च्या २१९९ क्रमांकाच्या ठरावाला अनुसरून 'इस्लामिक स्टेट' आणि सीरियातला अल नुसरा हा गट यांच्याशी तेलाचा व पुरातन वस्तूंचा व्यापार तिथे नावानिशी बंद आहे. हे सगळे बंदरावर राबवण्याचे हत्यार म्हणजे १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम. बेकायदा निर्यातीचा माल त्याच्या ११३ व्या कलमाखाली जप्त होतो आणि १३५ व्या कलमाखाली खटला भरता येतो. कस्टमची कडी ढिली पडली तर काय होते हे कोकणाला वेगळे सांगायला नको: १९९३ च्या मुंबई स्फोटांपूर्वी शस्त्रे आणि आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी इथे उतरले होते, आणि त्या खटल्यात कस्टमचे व पोलिसांचे कर्मचारीही दोषी ठरले.

स्फोटकांची वाट आणखी वेगळी आहे आणि ती आपल्या राज्यातून जाते. स्फोटके नियम, २००८ खालचा निर्यात परवाना पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो देते, आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. परवाना हातात आला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मानणाऱ्याने फेब्रुवारी २०१६ चे एक प्रकरण वाचावे. 'कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च' या संस्थेने इराक व सीरियात 'इस्लामिक स्टेट'च्या सुरुंगांतले सुटे भाग गोळा करून त्यांचा माग काढला. त्यात वीस देशांतल्या एक्कावन्न कंपन्यांचा माल निघाला, आणि नोंदलेल्या डिटोनेटर, डिटोनेटिंग कॉर्ड व सेफ्टी फ्यूजपैकी बहुतेक माल सात भारतीय कंपन्यांचा होता. हा माल चोरीचा नव्हता. भारत सरकारच्या रीतसर परवान्यांनिशी तो लेबनॉन आणि तुर्कस्तानातल्या खरेदीदारांना गेला होता आणि खाणकामाला किंवा बांधकामाला लागणारा नेहमीचाच होता. भारतातले कागद चोख होते; गळती पहिल्या खरेदीदाराच्या पलीकडे झाली. त्यामुळे पुढची सगळी तपासणी 'माझा ग्राहक कोण' यापाशी न थांबता 'माझ्या ग्राहकाचा ग्राहक कोण' इथपर्यंत न्यावी लागते.

प्रत्यक्ष कामाला एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरीतला एक कारखानदार ड्रोनला लागणाऱ्या ब्रशलेस मोटर आणि कार्बन फायबरचे प्रोपेलर बनवतो. शारजातल्या एका ट्रेडिंग कंपनीकडून दोनशे मोटरींची विचारणा येते. उपयोग म्हणून 'शेती फवारणी' एवढेच लिहिलेले असते, पैसे आगाऊ मिळणार असतात आणि माल कोणत्या देशात जाणार ते 'नंतर कळवू' असे उत्तर असते.

पहिले काम मालाचे वर्गीकरण. आयटीसी-एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाचा वर्गीकरण क्रमांक, लिहून भागत नाही; मालाचे तांत्रिक तपशील स्कोमेट यादीशी ओळीने ताडून पाहावे लागतात. यादीत शून्य ते आठ असे वर्ग आहेत. पाचव्या वर्गात मानवरहित विमानांसह हवाई प्रणाली आहेत, सहावा वर्ग युद्धसामग्रीचा आहे आणि आठव्यात विशेष साहित्य, इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार वगैरे आहे. सहाव्या वर्गाचा परवाना मुख्यतः संरक्षण उत्पादन विभाग देतो, अणुऊर्जेशी संबंधित शून्य वर्ग अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि बाकीचे बहुतेक अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाकडे ऑनलाइन जातात व आंतरमंत्रालयीन गटासमोर येतात. वर्गीकरणाचा निष्कर्ष 'यादीत नाही' असा निघाला तरी तो कोणी, कधी आणि कोणत्या तपशिलांवरून काढला याची टिप्पणी सहीनिशी फाइलमध्ये ठेवावी. वर्षभराने प्रश्न आला तर बचाव त्या एका कागदावरच होतो.

आपली मोटर यादीत बसली नाही असे धरू. तरीही सुटका झालेली नाही. ५१अ कलमातला 'आर्थिक साधने' हा शब्द रुंद आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या व्यवहारात त्यात सर्व प्रकारची मालमत्ता धरली जाते. थोडक्यात, माल शस्त्र असेल तर तो परवान्याच्या कायद्यात अडकतो आणि शस्त्र नसेल तर घेणाऱ्याच्या नावामुळे अडकू शकतो. म्हणून दुसरे काम नावांचे.

सुरक्षा परिषदेची एकत्रित यादी संकेतस्थळावर खुली आहे, तिच्यात वारंवार बदल होतात आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. प्रत्येक नोंदीला कायम क्रमांक असतो: 'क्यूडीआय' म्हणजे अल कायदा व 'इस्लामिक स्टेट'च्या यादीतली व्यक्ती, 'क्यूडीई' म्हणजे त्याच यादीतली संस्था, आणि तालिबानच्या यादीसाठी 'टीएआय' व 'टीएई'. नोंद कशी वाचायची ते लष्कर-ए-तैयबाच्या उदाहरणावरून पाहावे. क्रमांक क्यूडीई.११८, समावेश मे २००५ मध्ये. पण खरा मजकूर उपनावांच्या रकान्यात आहे, कारण तिथे डिसेंबर २००८ मध्ये जोडलेले जमात-उद-दावा आणि नंतर आलेले फलाह-ए-इन्सानियत फाउंडेशन ही धर्मादाय वाटणारी नावे आहेत. जो केवळ मुख्य नाव शोधतो त्याला यातले काहीच सापडणार नाही. व्यक्तींच्या नोंदीत जन्मतारीख, जन्मस्थान आणि पासपोर्टचे तपशील असतात. दाऊद इब्राहिमच्या नोंदीत जन्मस्थान म्हणून रत्नागिरीतले खेड लिहिलेले आहे आणि एकाच नावाची कितीतरी स्पेलिंगे दिली आहेत. अरबी किंवा उर्दू नाव रोमन लिपीत पाच-सहा तऱ्हांनी लिहिले जाते, त्यामुळे पूर्ण नावाऐवजी तुकड्यांनी शोधावे आणि स्पेलिंग बदलून पुन्हा शोधावे. कंपनीच्या नावाबरोबर तिचे संचालक, मालक, माल घेणारा, जहाज, आणि पैसे तिसऱ्याच खात्यातून येत असतील तर तो खातेदार, ही सगळी नावे तपासावीत. त्याखेरीज यूएपीएची पहिली अनुसूची आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यक्तींसाठी आलेली चौथी अनुसूचीही पाहावी, कारण भारताने घोषित केलेले प्रत्येक नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असतेच असे नाही. तपासणीच्या दिवसाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपावा आणि माल निघण्याच्या दिवशी नावे पुन्हा पाहावीत.

तिसरे काम अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्राचे, म्हणजे माल शेवटी कोण आणि कशासाठी वापरणार हे लिहून देणाऱ्या कागदाचे. स्कोमेट मालाला ते लागतेच; इतर मालातही शारजासारख्या विचारणेत ते मागून पाहावे. नुसती मागणी केली तरी पुष्कळ काही कळते. खरा शेतकी व्यापारी कुरकुर करील, पण ग्राहकाचे नाव देईल. खोटा असेल तो एक तर गप्प होईल किंवा चोवीस तासांत शिक्क्यांनी भरलेला कागद पाठवील. अशा कागदावरचा पत्ता नकाशावर पाहावा, फोन क्रमांक कागदावरून न घेता स्वतंत्रपणे शोधावा आणि दोनशे मोटरींत किती ड्रोन होतात व तेवढी फवारणी तो ग्राहक करतो का, याचा साधा हिशेब मांडावा. इनव्हॉइसवर 'स्पेअर पार्ट्स' एवढेच लिहा, असा आग्रह झाला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

जाता जाता एक गोष्ट. भारताने २०१३ मध्ये शस्त्रव्यापार कराराच्या मतदानात तटस्थ राहताना दहशतवादी आणि बिगरसरकारी गटांबाबत मसुदा दुबळा असल्याचा आक्षेप घेतला होता आणि आजही भारत त्या करारात नाही. मात्र २०१७ च्या डिसेंबरात तो वासेनार व्यवस्थेत, म्हणजे शस्त्रे व दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात, सामील झाला. स्कोमेटच्या यादीची भाषा इतकी तांत्रिक का, याचे बरेचसे उत्तर त्या व्यवस्थेच्या याद्यांत आहे.

दुबईत ट्रेडिंग करणाऱ्या किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने माल भारतातून गेलाच नाही म्हणून निश्चिंत राहू नये. यूएपीएच्या पहिल्या कलमानुसार हा कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकाला आणि भारतात नोंदलेल्या जहाजावरच्या व विमानातल्या व्यक्तीलाही लागू आहे.

शेवटी, नाव जुळलेच तर काय करावे? माल पाठवू नये आणि घेतलेला आगाऊ पैसाही परस्पर परत करू नये, कारण यादीतल्या व्यक्तीला पैसे परत करणे म्हणजे तिला निधी उपलब्ध करून देणे ठरू शकते. ग्राहकाला कारण सांगत बसू नये. आपल्या बँकेला आणि राज्याच्या यूएपीए नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याला, लेखी कळवावे. ५१अ कलमाच्या अंमलबजावणीसाठी गृह मंत्रालयाने २ फेब्रुवारी २०२१ रोजी काढलेल्या आदेशात ही साखळी दिलेली आहे. दुसरीकडे, केवळ नावसाधर्म्यामुळे एखाद्या निरपराध माणसाचे पैसे अडकतात असेही घडते. त्यालाही त्याच आदेशात वाट ठेवली आहे. त्याने पासपोर्ट, जन्मतारखेचा पुरावा आणि वडिलांच्या नावाची कागदपत्रे जोडून बँकेकडे किंवा नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि यादीतल्या नोंदीचा कायम क्रमांक लिहून तिच्यातला कोणता तपशील आपल्याशी जुळत नाही ते अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात मांडावे.